ऑस्ट्रेलिया, बारा वेळा

मी एक हार्ड डिस्क बोलतेय. टीव्हीखालच्या कप्प्यात जो काळा रेकॉर्डर असतो ना, त्याच्या पोटात माझा मुक्काम. माझ्या आत आरशासारख्या गुळगुळीत दोन चकत्या आहेत आणि त्यांच्यावरून, स्पर्श न करता, एक बारीक काटा फिरतो. चकत्या गरगरतात, काटा लिहितो आणि वाचतो. काम एवढंच, पण बारा वर्षांत एका दिवसाची रजा नाही.

माझा जन्म झाला त्या कारखान्यात धुळीचा कण येऊ नये म्हणून माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत वावरत. तिथून मी थेट अशा घरात आले, जिथे कप्प्यातली धूळ फक्त पाहुणे येणार असले की पुसतात.

घरात माणसं तीन. बाबा, एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. आई, घरीच शिवणकाम करणाऱ्या. आणि त्यांची मुलगी, प्रयोगशाळेत नोकरी करणारी; घरातलं कुठलंही यंत्र बिघडलं की जबाबदारी तिची, असं दोघांनी परस्पर ठरवून टाकलेलं. बाबा माझ्यावर पेंग्विनचे माहितीपट साठवत आणि ते लावून झोपत. आईंच्या मालिकेचे शहाण्णव भाग माझ्यावर होते. रेकॉर्ड केलं म्हणजे पाहिल्यासारखंच आहे, असं माणसांना मनापासून वाटतं.

एक रेकॉर्डिंग मात्र वेगळं होतं. बाबा एकदा टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत गेले होते. दुसराच प्रश्न आला, जगातलं सगळ्यात मोठं बेट कोणतं. बाबा म्हणाले, ऑस्ट्रेलिया. तो खंड आहे, असं सांगितल्यावर निवेदकाशी वादही घातला. पुढे ओळखीपाळखीत मात्र ते सांगत राहिले, "वेळ संपली हो, नाहीतर शेवटपर्यंत गेलो असतो." ते रेकॉर्डिंग पुसायचा त्यांनी तीनदा प्रयत्न केला. पण आईंनी त्याला कुलूप लावून ठेवलं होतं. पडद्यावर 'पुसता येणार नाही' असं उमटलं, की बाबा रिमोट खाली ठेवत आणि जणू काही झालंच नाही असं पेपर उघडत.

यंदा माझी तब्येत ढासळली. आधी चित्र अडकायला लागलं, मग पोटातून टक् टक् आवाज यायला लागला. एका रविवारी सकाळी मुलीने टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांना बोलावलं. काकांनी रेकॉर्डरला कान लावला.

"काटा गेला हिचा. आता बंद करू नका. एकदा बंद पडली तर उठेल याची खात्री नाही."

"कॉम्प्युटरला जोडून सगळं काढून घेऊ ना," मुलगी म्हणाली.

"ह्या रेकॉर्डरची लिहिण्याची पद्धत कॉम्प्युटरला कळत नाही. एकेक कार्यक्रम इथेच लावायचा, तो चालू असताना वायरमधून तिकडे उतरवायचा. तासाभराच्या कार्यक्रमाला तासभर. हिच्यात किती जीव आहे ते मी सांगू शकत नाही. हवं असेल ते आधी घ्या."

"पेंग्विन," बाबा लगेच म्हणाले.

"प्रश्नमंजूषा," आई म्हणाल्या.

बाबांनी चष्मा काढून पुसला. "मी असं वाचलंय, की डिस्क थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवली तर सुधारते."

"आत दव धरेल आणि उरलीसुरलीही जाईल," काका म्हणाले. बाबांचा चेहरा जरा उजळल्यासारखा मला वाटला.

"अगं, त्या प्रश्नमंजूषेत आहे काय? मी हरलोय त्यात," ते आईंना म्हणाले.

"तुम्हाला कोण बघतंय? ताई आहे त्यात."

ताई म्हणजे आईंची थोरली बहीण. दोन वर्षांपूर्वी ती गेली. घरातले सगळे फोटो तीच काढायची, त्यामुळे ती स्वतः कशातच नव्हती. फक्त त्या दिवशी प्रेक्षकांत आईंशेजारी बसली होती आणि कॅमेरा तिच्यावरून फिरला होता.

बाबांनी चष्मा घातला. "लावा," म्हणाले.

सुरुवात बरी झाली. मग बाबांनी "ऑस्ट्रेलिया" म्हटलं आणि नेमकी मी तिथेच अडकले. पडद्यावर बाबा, तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. काकांनी मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा ऑस्ट्रेलिया, पुन्हा अडकलं. पाचव्या वेळी काका म्हणाले, "तिरकी धरून बघू. कधीकधी चालते."

बाबा दुखऱ्या गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हातांनी रेकॉर्डर तिरका धरला. मुलीने टेबलफॅन आणून माझ्याकडे वळवला. सहावं ऑस्ट्रेलिया झालं, सातवं झालं. नवव्याला काकांना हसू आवरेना, ते खिडकीकडे वळले.

"बाबा, मी धरते," मुलगी म्हणाली.

"राहू दे. पुन्हा लावा."

बाराव्या वेळी मी उरलासुरला जीव एकवटला आणि काटा खराब जागेवरून पलीकडे नेला. पडद्यावर ताई आली. आईंच्या दंडाला धरून, मान मागे टाकून हसत होती. अकरा सेकंद. अकराही उतरली.

बाबा खालून पडद्याकडे बघत होते.

"एवढी हसली होती? मला खुर्चीवरून दिसलंच नव्हतं."

"घरी येईपर्यंत हसत होती," आई म्हणाल्या.

कार्यक्रम संपला आणि पेंग्विन सुरू होताच मी कायमची थांबले. त्यांची मी माफी मागते.

आता काकांनी मला रेकॉर्डरमधून बाहेर काढलंय. उद्या जुनी यंत्रं नेणारी गाडी येईल. वाचक हो, जाण्याआधी एकच विनंती. तुमच्या घरातही माझी एखादी बहीण गरगरत असेल. ती टक् टक् करायची वाट पाहू नका, आणि आधी काय उतरवायचं ते घरातल्या सगळ्यांना विचारा.

मघाशी बाबांनी मला फडक्याने पुसलं आणि वर्तमानपत्रात नीट गुंडाळलं.

"अहो, भंगारात द्यायचीय ती," आई म्हणाल्या.

"असू दे," म्हणत बाबांनी दोरीची गाठ मारली.