उलट्या चुण्या

"श्वास घ्या, राग सोडा म्हणे. सोडलेला राग झाडायला कोण येणार, हिची आई?" धाकटी जाऊ माझ्या कानाशी पुटपुटली. मला हसू आवरेना. समोर प्रशिक्षणाच्या बाई डोळे मिटून आम्हाला शांत करत होत्या.

आमचा कारखाना लॅम्पशेडचा. तारेच्या सांगाड्यावर कापड ताणायचं, चुण्या घालायच्या, टाके मारायचे. आता चुण्यांचं यंत्र आलं होतं. मालक म्हणाले होते, बदलाला घाबरू नका. जिला काही नवं सुचेल ती नमुन्यांच्या टेबलावर बसेल, बाकीच्या पॅकिंगला. पॅकिंग म्हणजे दिवसभर उभ्यानं खोक्यांना चिकटपट्टी लावायची. माझे गुडघे ऐकूनच रुसले होते.

मी डावरी. सगळ्यांच्या चुण्या उजवीकडे झुकतात, माझ्या डावीकडे. मालाला ते चालत नाही. म्हणून टेबलावर एक रीतच पडली होती: माझ्या शेडची पहिली चुणी जावेनं घालून द्यायची, मग मी तिच्या मागोमाग जायचं. तिला या कामाला लावली मी, आणि वळण लावलं तिनं मला.

पुतणीला अंधाराची भीती. तिच्यासाठी मी एकदा घरीच, कुणाच्याही मागोमाग न जाता, एक शेड केली. चुण्या उलट्या, मधेच एखादी सैल सोडलेली. दिवा लावला की भिंतीवर पाणी हलल्यासारखं दिसायचं. पोर निवांत झोपायला लागली.

श्वासाचा तास संपला आणि मालक आत आले. हातात तीच शेड. खाली पुतणीनं चिकटवलेली चांदणी अर्धवट खरवडलेली.

"हिला म्हणतात कल्पकता. नमुन्यांचं टेबल यांचं," जावेकडे बघत ते म्हणाले.

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या; हात काय, सवयीचे गुलाम.

म्हणजे मघाशी माझ्या कानाशी लागून हसवत होती, तेव्हा तिला हे माहीत होतं. शेडपेक्षा ते मला जास्त लागलं.

कुणी मान वर करेना. कापड बेतून देणाऱ्या आमच्या वयस्कर मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला तो पुसतच राहिले. चुणी कुणाच्या हातची, हे आमच्याकडे डोळे मिटूनही कळतं.

"जरा करून दाखवा की," मालक म्हणाले.

जावेनं कापड ओढलं. चुणी उजवीकडे पडली. उसवली. पुन्हा उजवीकडेच. मग टेबलाखालून कापडाची कड हळूच माझ्या मांडीवर आली.

"वहिनी, पहिली तेवढी घालून द्या ना," ती ओठ न हलवता म्हणाली.

माझा हात पुढे गेलाही होता. घर एक, चूल एक. संध्याकाळी चहा तिच्याच हातचा प्यायचा. तेवढ्यात ती खरवडलेली चांदणी पुन्हा दिसली. मी कापड उचलून सगळ्यांसमोर टेबलावर ठेवलं.

"काय झालं?" बाईंनी मला विचारलं. "आत काय वाटतंय ते बोला, मोकळ्या व्हा."

रोज यावर आम्ही सगळ्या एका सुरात "छान" म्हणायचो.

"ही शेड माझी आहे," मी म्हटलं. "हिच्या लेकीला झोप यावी म्हणून केली होती. पोरीच्या उशाशी होती, तिथून हिनं चोरून आणली."