बिनमिठाचं ताट

माझ्या सासऱ्यांना मी अन्न तोडून मारलं, असं कापडे गावच्या आमच्या वाडीत अजून बोललं जातं. तोंडावर कुणी बोलत नाही, एवढी माणुसकी शिल्लक आहे. पण मी पाण्यावर गेले की बायका जरा जास्तच गोड बोलतात, त्यावरून कळतं.

एकोणऐंशी साली आबांचे, म्हणजे सासऱ्यांचे, पाय सुजायला लागले. बोटानं दाबलं की खळगा पडायचा आणि तो भरेपर्यंत माझी एक भाकरी भाजून व्हायची. आडवं झालं की दम लागे, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपत. माझे मालक श्रीपत मुंबईला गिरणीत. नणंद सोनाबाई तुडीलला दिलेली. तेव्हा दुखणं आबांचं आणि धावपळ माझी, हे न बोलताच ठरलं. मी त्यांना एस.टी.त बसवून महाडला नेलं.

डॉक्टर तसे भले. नीट तपासलं आणि म्हणाले, "हृदय थकलंय यांचं. अंगात पाणी साठतंय. ही लघवीची गोळी रोज सकाळी द्या. आणि मीठ बंद. लोणचं बंद, पापड बंद, शेव-फरसाण बंद. पथ्य पाळलं नाहीत तर नुसत्या गोळीनं काही होणार नाही."

मी मान डोलावली. पापड आम्ही बघायचो तो कुणाच्या लग्नात, आणि फरसाण मुंबईहून कुणी आणलं तर. म्हटलं, हे तर सोपं आहे. राहिलं फक्त मीठ.

आबा पहिल्याच घासाला थांबले. "काय गो हे? मीठ सपला काय?"

"डॉक्टरांनी बंद केलंय, आबा."

"त्याला काय जातंय सांगाया. त्याला हे खायाचं नाय."

चौथ्या दिवशी त्यांनी ताट सरकवलं ते पुन्हा ओढलंच नाही. शेजारची काशीबाई कुंपणावरून बघत होती. "म्हाताऱ्याच्या तोंडचा मीठ काढलास गो? असं वैऱ्याला पण कोण करीत नाय," म्हणाली. संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं. आमच्याकडे दारात आलेल्या माणसालाही बिनमिठाचं वाढत नाहीत. मी तर घरच्या कर्त्या माणसाला वाढत होते.

म्हणून मी डोकं चालवलं. नसतं चालवलं तर बरं झालं असतं. पोलादपूरच्या बाजारातून खारा बांगडा आणला, झटकून निखाऱ्यावर भाजला आणि अळणी भाताशेजारी अर्धा ठेवला. आबांनी वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि ताट साफ केलं. डॉक्टरांनी मासळीचं नावही काढलं नव्हतं. मिठाच्या मडक्याला तर मी हातही लावत नव्हते, चुकूनही चिमूट पडू नये म्हणून ते माळ्यावर टाकलं होतं. महिनाभर आबा पोटभर जेवले. सोनाबाई बापाला बघायला आली, तेव्हा काशीबाईसमोर म्हणाली, "वयनी, तू हायस म्हणून आबा हायत." मी सुखावले. खोटं कशाला बोलू, फार सुखावले.

आणि सूज गुडघ्यांच्या वर चढली. आता आबांना एस.टी.त चढवणंही जमेना. मी एकटीच महाडला गेले.

"मीठ चालू आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"कणभरसुद्धा नाही. आईशपथ."

"मग जेवतात काय?"

"भात, आमटी, आणि खारा बांगडा," मी ऐटीत सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अहो बाई, मारताय तुम्ही त्यांना! मिठात मुरवलेला असतो तो!"

"तुम्ही मासळी बोलला नव्हतात."

"एवढं कळायला नको?"

त्यांच्या स्वयंपाकघरात कधी बांगडा शिरला नसणार, म्हणून त्यांच्या पथ्यातही तो शिरला नाही. येताना एस.टी.त मी त्यांना मनातल्या मनात लाख शिव्या दिल्या. पण भाजण्याआधी त्या बांगड्यावरचं मीठ रोज याच हातांनी झटकत होते मी. डोळे फुटले होते काय माझे?

घरी आल्या आल्या उरलेले बांगडे उकिरड्यावर फेकले. आबांना सगळं समजावून सांगितलं. त्यांना वाटलं, काशीबाईचं बोलणं मला झोंबलं म्हणून मी उट्टं काढतेय. मग रोज शिव्या. माझ्या आईबापाला, माझ्या हाताला, माझ्या पोटाला. मी कोकम घातलं, लसूण ठेचून घातला, ओली मिरची घातली. ते थुंकायचे, मी पुसायचे. धोतर मी बदलायचे, पाय मी चोळायचे. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. दोन महिन्यांनी ती मुंगी दिसायला लागली. बोट दाबलं तरी खळगा पडेना. आबा आडवे होऊन झोपायला लागले. मग अंगणात आले, मग वाडीच्या टोकापर्यंत जाऊन आले. त्या दिवशी मी चुलीपाशी बसून एकटीच हसले.

आठच दिवसांनी शेतावरून परतले तर घर उघडं आणि आबा नाहीत. काशीबाईनं सांगितलं, "काठी घेऊन फाट्यावर गेले. एस.टी. धरून तुडीलला जातो बोलले. लेक तरी मीठ घालील."

दुसऱ्या दिवशी तुडील गाठलं. ओटीवर आबा जेवत होते, ताटात अख्खा बांगडा. मी सोनाबाईला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तिचा विश्वास बसावा म्हणून माझी चूकही सांगितली.

ती म्हणाली, "तू घातलास तवा पथ्य, आन् मी घातला की विख?"

आबांनी मान वर न करता सांगितलं, "तू जा गो. मला हितं बरं हाय."

मी एकटीच परत आले. माणूस काय बैल असतो, कासऱ्यानं ओढून आणायला? अठराव्या दिवशी निरोप आला, आबा गेले.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्या बौद्धांच्या दिवसकार्याला, सगळी वाडी जमली होती. श्रीपत मुंबईहून आले होते. वंदना झाली, पंगत बसली. सोनाबाई मोठ्यानं रडत सांगत होती, "माझ्याकडं अठरा दिस पोटभर जेवला माझा बाप." बायका माना हलवत होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. मी भात वाढत होते.

श्रीपतांनी पंगतीतूनच विचारलं, "आबा आपल्या पायांनी फाट्यापर्यंत चालत गेले म्हणतात. येवढे धडधाकट होते, तर मीठ कशापायी तोडलंस?"

सगळे हात ताटात थांबले. उत्तर माझ्याकडे होतं. मीठ तोडलं म्हणूनच चालले ते. पण हे बोलायचं, तर पुढचे सोनाबाईकडचे अठरा दिवस बोलावे लागले असते आणि मागचा माझा बांगड्याचा महिनाही. मी सोनाबाईकडे बघितलं. तिचं रडणं बंद झालं होतं. शेवटच्या दिवसांत बापाचे पाय तिनं पाहिले होते, दम पाहिला होता. तिला सगळं कळलं होतं आणि मी काय बोलते याची तिला भीती वाटत होती.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

सोनाबाईनं तोंडात पदर कोंबला आणि ती पुन्हा रडायला लागली. या वेळचं रडणं खरं होतं. तरी मला तिची दया आली नाही.