पहिला आकडा

आमच्या ह्यांनी जन्मात कुणाचा पहिला आकडा मान्य केलेला नव्हता. सोफ्याला नवं कापड चढवायचं, खुर्चीच्या स्प्रिंगा बदलायच्या, हा ह्यांचा धंदा. गिऱ्हाइकाने मजुरीचा आकडा सांगितला की हे मान हलवून म्हणणार, "नाही परवडत, वर चला." आकडा चांगला घसघशीत असला तरी हेच. आमच्या लग्नाची तारीख माझ्या वडिलांनी सुचवली, तर ह्यांनी ती आठवडाभर पुढे ढकलून घेतली. कारण काही नव्हतं, नुसती खोड.

मग ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. साठवलेलं होतं नव्हतं ते हॉस्पिटलने गिळलं. दुकानाला कुलूप लागलं. सहा महिने वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं, आणि घरी आला तो भलताच माणूस. पलंगावर पडून छताकडे बघायचं आणि कशालाही "बरं" म्हणायचं. बिनमिठाचं जेवण? बरं. खिडकी बंद करू? बरं. हॉस्पिटलमधून घरी येताना टॅक्सीवाल्याने दुप्पट भाडं सांगितलं, त्यालाही "बरं". मला टॅक्सीतच रडू फुटलं. डॉक्टर म्हणाले, "पेशंट किती शांत आहे!" त्यांना काय कळतंय कपाळ.

आम्ही दोघांचं देणं लागत होतो. एक कापडवाला, एक फोमवाला. दोघांकडून वर्षभर उधारीवर माल उचललेला. दोघांनी अजून तगादा लावला नव्हता, पण मुदत जवळ येत होती. दारात येऊन कुणी चार शब्द सुनावण्यापेक्षा आपणच आधी जावं, असं मी ठरवलं. माल पोचवायचा टेंपो विकला. त्यात दोघांचं बरोबर निम्मं देणं भागत होतं. आज रोख निम्मे घ्या आणि उरलेलं सोडा, नाहीतर पूर्ण पैशांची वाट बघत बसा, असा माझा साधा हिशोब. त्याउपर विकण्यासारखी एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे ह्यांचं शिलाई मशीन. जाड चामडंसुद्धा बिनतक्रार शिवणारं. ते गेलं तर हा माणूस पलंगावरून उठेल कशासाठी? म्हणून मशीन विकायचं नाही, एवढं मी मनाशी पक्कं केलं होतं.

कापडवाला निम्म्यावर तयार झाला, पण अट घालून. फोमवाल्याला निम्म्याच्या वर एक पैसा जरी गेला, तरी कापडवाल्यालाही तेवढंच वाढवून द्यायचं. म्हणजे फोमवाला निम्म्याच्या वर सरकला की मशीन गेलंच. फोमवाला फोनवर म्हणाला, "वहिनी, मिस्त्रींना घेऊन या. मला डोळ्यांनी बघू दे."

निघताना मी ह्यांना दम भरला. "तिथे तोंड उघडायचं नाही. काय बोलायचं ते मी बोलेन."

"बरं," हे म्हणाले.

फोमवाल्याच्या गोदामात जमिनीपासून छतापर्यंत फोमच्या जाड शीट्स रचलेल्या. तिथे बोललेलं सगळं फोम पिऊन टाकतो, त्यामुळे शेठना ओरडूनच बोलायची सवय. स्वतः फोमचा एवढा मोठा व्यापारी, पण बसायची खुर्ची अशी की फाटक्या गादीतून भुगा बाहेर येत होता. त्यांनी ह्यांना फोमच्या कातरणांच्या ढिगावर बसवलं. हे त्यात हळूहळू रुतत गेले, ते शेवटी डोकं आणि गुडघे तेवढे वर राहिले. मी मुद्दाम ठरवूनही ह्यांना इतकं केविलवाणं बसवू शकले नसते.

मी पैशांचं पाकीट आणि डॉक्टरांचे कागद टेबलावर ठेवले. टेंपो विकल्याचं सांगितलं, कापडवाल्याचं सांगितलं. "शंभराला पन्नास, शेठ. आज, आत्ता, रोख."

शेठ चिडतील, शिव्या घालतील, वकिलाचं नाव काढतील, ह्या सगळ्याला माझ्याकडे उत्तरं तयार होती. हा माणूस चांगला निघाला तर काय करायचं, याची मात्र तयारी नव्हती. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"वहिनी, ह्या माणसाने माझ्याशी आयुष्यभर सचोटीने धंदा केला. पन्नास कशाला? चाळीस द्या. बाकीचे औषधपाण्याला राहू देत."

मला भरून आलं. मी हात जोडणार, तेवढ्यात ढिगातून आवाज आला.

"नाही परवडत."

आम्ही दोघांनी वळून पाहिलं. ह्यांनी मान हलवली. "चाळीस नाही परवडत. वर चला."

आता शेठही जन्माचे व्यापारी. समोरचा परवडत नाही म्हणाला की माल विकणाऱ्याने खाली यायचं, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. ते ओरडले, "बरं, पस्तीस!"

"काय थट्टा करता शेठ? पंचावन्न!"

"तीस! ह्याच्या वर एक पैसा नाही!"

"साठ! ह्याच्या खाली एक पैसा नाही!"

साठ म्हणजे मशीन गेलं. मी ह्यांना गुपचूप चिमटा काढला, तो फोमला बसला. पण खरं सांगू? ढिगातून एक हात बाहेर आला होता, बोट नाचत होतं, गाल लाल झाले होते, आणि आवाज असा खणखणीत लागला होता की फोमलाही पिता येईना. ऑपरेशनपासून तो आवाज मी ऐकला नव्हता. मला सांगायला लाज वाटत नाही, मी आणखी दोन वाक्यं मुद्दाम होऊ दिली.

मग मी टेबलावर हात आपटला. "बस्स! पैसे कोण देणार आहे आणि कोण घेणार आहे, ते आधी ठरवा दोघांनी!"

दोघेही विचारात पडले. शेठच्या डोक्यात आधी प्रकाश पडला. ते फाटक्या खुर्चीत धपकन बसले आणि पोट धरून हसायला लागले.

ह्यांनी मला हळूच विचारलं, "आपण देणार ना?"

"हो."

"मग मी वर कशाला चाललो होतो?"

"तुमचं तुम्हालाच ठाऊक!"

शेठ डोळे पुसत म्हणाले, "मिस्त्री, चाळीसच. मी शब्द दिलाय."

ह्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "नको शेठ. कापडवाल्याला पन्नास आणि तुम्हाला चाळीस, हे मला बरं नाही वाटत. हिने सांगितला तोच आकडा धरा. पन्नास."

टॅक्सीतलं ते आजारपणाचं "बरं" सोडलं, तर जन्मात पहिल्यांदा ह्यांनी कुणाचा तरी पहिला आकडा मान्य केला, आणि तो माझा. हातातोंडाशी आलेले दहा टक्के गेले म्हणून मला रागही आला, पण तो धड टिकेना. शेठनी पाकीट घेतलं. हिशोब पूर्ण मिटला, पुढे काही मागणं नाही, असं लिहून सही-शिक्का करून दिलं. निघताना ह्यांनी शेठच्या खुर्चीची गादी अंगठ्याने दाबून बघितली आणि म्हणाले, "जरा बरा झालो की ही माझ्याकडे पाठवा. मजुरीचं मग बोलू."

बाहेर टॅक्सी उभी होती. टॅक्सीवाल्याने भाडं सांगितलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं.

"नाही परवडत," हे म्हणाले. "खाली या."

टॅक्सीवाला खाली आला, हे आणखी खाली उतरले. शेवटी तो वैतागून निघूनच गेला. आम्ही गोदामाच्या पायरीवर बसलो. ऊन रणरणत होतं, पोटात कावळे ओरडत होते, रस्त्यावर दुसरी टॅक्सी दिसत नव्हती, आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी काही केल्या थांबेना.

"अगं, रडतेस कशाला?" हे म्हणाले. "दुसरी येईल की."

मी म्हटलं, "बरं."