दसऱ्याचा रंग आणि अडून बसलेला ट्रॅक्टर

मित्रांनो, मी दिंडोरीजवळच्या एका द्राक्षबागेतला जुना ट्रॅक्टर आहे. वय वर्षं पंचवीस. कारखान्यातून नवाकोरा आलो, तेव्हा माझा मालक सोमनाथ याच्या आईने मला औक्षण करून अंगणात घेतलं होतं. तेव्हापासून नांगरट केली, शेणखत ओढलं, द्राक्षांचे क्रेट वाहिले, गावातल्या दोन-चार वरातीही गाजवल्या! पुढे घरात नवा छोटा ट्रक आला आणि माझा मुक्काम शेडमधून लिंबाखाली हलला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण ब्लोअर जोडून बागेवर औषध फवारायचं काम अजून माझ्याकडेच होतं.

यंदा दसऱ्याला सोमनाथच्या मनात काय आलं कोण जाणे. लाल रंगाचा डबा आणून त्याने मला स्वतः रंगवलं. चाकाच्या नटापासून डिझेलच्या टाकीच्या झाकणापर्यंत एक बोटभर जागा सोडली नाही. रंगाचे चांगले दोन हात दिले. वर झेंडूची माळ, हळद-कुंकू. मी असा फुशारलो, म्हणून सांगू!

चार दिवसांनी आभाळ भरून आलं. बागेत घड नुकतेच बाहेर पडत होते आणि सकाळी पानांवर डावणी रोगाचे पिवळे डाग दिसले. त्याच दिवशी औषध पडलं नसतं, तर वर्षाचं पीक हातचं गेलं असतं. सोमनाथने चावी फिरवली. मी सुरू झालो, दोन ओळी फवारल्या आणि आचके देत बंद पडलो. मग कितीही चावी फिरवा, मी नुसता घरघरत होतो. शरमेने मेल्यासारखं झालं.

शेजाऱ्यांचे ट्रॅक्टर त्यांच्याच बागांत गुंतले होते. म्हणून जयराम मिस्तरींना बोलावलं. त्यांनी बॅटरी पाहिली, फिल्टर बदलला, टाकीचं झाकण उघडून डिझेल बघितलं, पाइपात धरलेली हवा काढली. मी लगेच सुरू! मिस्तरींनी झाकण लावलं, हात पुसले, मोटरसायकलवर टांग टाकली आणि मी पुन्हा थंड. तीनदा हाच खेळ झाला.

"सोमनाथ, याचा पंप गेलाय. नाशिकला न्यावा लागंल. चार दिवस धर," मिस्तरी म्हणाले.

"चार दिवसांनी फवारू कशावर? काड्यांवर?" सोमनाथ बांधावर मटकन बसला.

त्याची बायको उज्वला सकाळपासून ड्रममध्ये औषध कालवत होती. ती हात धुऊन माझ्याजवळ आली.

"मिस्तरी, तुम्ही झाकण उघडलं की दर वेळी फुस्स आवाज येतोय. आमच्या चहाच्या थर्मासचं झाकणबी असंच आत ओढून धरतं. टाकीत वारा जात नसंल."

मिस्तरी हसले नाहीत. त्यांनी झाकण उलटंपालटं करून पाहिलं, नखाने रंग खरवडला आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा! हवेचं भोक रंगानं बुजलंय!"

"म्हणजे मीच..." सोमनाथने जीभ चावली.

उज्वलाने बांगडीला अडकवलेली पिन काढली आणि भोक मोकळं केलं. चावी फिरली. मी असा गरजलो की लिंबावरचे कावळे उडाले!

मित्रांनो, मी थक्कच झालो. माझ्या अंगावर मोहरीएवढं भोक आहे आणि त्यातून हवा आत गेल्याशिवाय डिझेल खाली उतरत नाही, हे पंचवीस वर्षांत मलाच ठाऊक नव्हतं! आणि या बाईने ते आवाजावरून ओळखलं. केवढे तिखट तिचे कान! दिवस मावळेपर्यंत मी एकदाही न थांबता सगळी बाग फवारली.

दहा दिवसांनी उज्वला ओळीओळीतून फिरली. पान उचलायची, घड बघायची, पुढे जायची. शेवटच्या ओळीत ती थांबली आणि ओरडली, "अहो, वाचली आपली बाग!" सोमनाथ माझ्या सीटवरच बसून राहिला. त्याचे डोळे भरले होते.

मित्रांनो, आम्हाला जरूर सजवा, आम्हाला फार आवडतं. पण एखादा जुना सोबती अडून बसला, तर "याचं आता संपलं" असं म्हणायच्या आधी त्याच्यापाशी घटकाभर उभं राहून ऐका. माझ्यापाशी एक बाई तशी उभी राहिली, म्हणून मी आज तुमच्याशी बोलतो आहे.