चोवीस हजार फुटांवरचा आग्रह

सहा खुर्च्यांच्या त्या छोट्या विमानाच्या दाराचं रबरी सील मी बदललं, आणि हँगरभर सांगत सुटलो की आता यातून माशीचा उसासासुद्धा बाहेर जायचा नाही. चाचणीसाठी विमान उडवणार होता माझा मेव्हणा. बायकोचा धाकटा भाऊ. पेशाने वैमानिक, स्वभावाने तपासनीस. मी भिंतीत खिळा ठोकला की हा सरळ-वाकडं मापायची लेव्हल घेऊन हजर. तीस वर्षांत माझ्या एकाही कामाला त्याने बरं म्हटलं नव्हतं. तेव्हा त्या दिवशी सील गळून चालणार नव्हतं.

आता ही भानगड काय असते ते सांगतो. वर हवा विरळ. इंजिनं केबिनमध्ये हवा कोंबत राहतात, आणि दाराने ती धरून ठेवायची. नाही धरली, तर समोरच्या पट्टीवर लाल दिवा लागतो. म्हणजे बाबांनो, मास्क लावा आणि खाली या.

ऑक्सिजनचे मास्क दोन होते, नवे कोरे. मेव्हण्याला नव्या वस्तूचं प्लॅस्टिक काढवत नाही. त्याच्या घरी सोफ्यावर बसलं की कुरकुर आवाज येतो, आणि तो सोफ्याचा नसतो. मास्कही पिशवीत, पिशवीला गाठ, गाठीवर गाठ.

"कॅप्टन, मास्क बाहेर काढून बघितले का?" मी विचारलं. विमानात मी त्याला कॅप्टन म्हणतो आणि अहोजाहो करतो. नियम म्हणजे नियम.

"पिशवीतून दिसतायत की, भाऊजी. उगाच धूळ कशाला बसू द्यायची?"

निघालो. अठरा हजारांवर मेव्हणा मान वळवून रेडिओवर बोलत होता, आणि लाल दिवा लागला. माझ्या छातीत धस्स झालं. केबिन गळत होती म्हणून नव्हे, मेव्हणा बघेल म्हणून. मी म्हटलं, माझं सील खोटं बोलणार नाही, दिवाच खोटारडा आहे. अलगद फिरवला, बल्ब काढला आणि खिशात टाकला. अडतीस वर्षांच्या नोकरीत इतकं सफाईदार काम माझ्या हातून दुसरं झालं नाही.

विमान चढत राहिलं. चोवीस हजारांवर मला फार बरं वाटू लागलं. ढग धुऊन वाळत घातल्यासारखे दिसत होते. मेव्हणा गुणगुणत होता. मग सहज नखांकडे नजर गेली. शाईत बुडवल्यासारखी निळी. आणि डोक्याच्या कुठल्याशा कोपऱ्यातून, मला काम शिकवलेल्या जुन्या उस्तादांचा आवाज आला की, उंचावर जास्त बरं वाटलं तर समज, वाईट झालं.

मी खिशातून बल्ब काढून त्याच्यापुढे धरला. "कॅप्टन, दिवा लागला होता. मी काढला."

मेव्हणा वळला. चेहरा खुललेला. "वा, भाऊजी! काय सुबक काढलात! आणि ते सील... असं काम करणारा माणूस मी पाहिला नाही."

माझ्या पायांखालची जमीन सरकली, जरी ती चोवीस हजार फूट खाली होती. तो माणूस शुद्धीवर नव्हता.

मी पिशव्या ओढल्या. बोटं दुसऱ्याचीच. गाठ सुटेना. शेवटी दातांनी ओरबाडली. एक पिशवी फाटली आणि माझी वरची कवळी तिच्यात राहून गेली. दुसरीसाठी दातच उरले नव्हते. हातात एकच मास्क. त्याची नळी ऑक्सिजनच्या सॉकेटमध्ये खुपसली.

"घ्या, कॅप्टन."

"छे छे! आधी तुम्ही, भाऊजी. तुम्ही मोठे."

"विमान तुम्ही चालवताय!"

"असं कसं? ताई काय म्हणेल? आधी तुम्ही."

"बरं, अर्धा अर्धा घेऊ."

"नको नको, माझं पोट भरलंय."

असा आग्रह आम्ही जमिनीवर कधी केला नव्हता. घड्याळात बघायची ताकद असती तर सांगितलं असतं किती वेळ. मला तेव्हा विमानाच्या पंखावर दिवंगत सासरे बसलेले दिसले, पाय खाली सोडून. म्हणाले, "जावईबापू, दार नीट लावलंत ना?" तेव्हा मी मेव्हण्याचा कान धरला, मास्क त्याच्या तोंडावर दाबला आणि त्याच्या कानात ओरडलो, "खाली!" मग मला काही आठवत नाही.

जाग आली ती शिव्यांनी. त्या मास्कमधून येत होत्या, घोगऱ्या आणि स्पष्ट, आणि इतक्या गोड मी आयुष्यात ऐकल्या नाहीत. उंची दहा हजारांखाली होती. डोकं ठणकत होतं, नखं पुन्हा माणसाची झाली होती.

उतरलो. मेव्हण्याने इंजिनं बंद केली आणि समोरच्या पट्टीवर दिव्याच्या रिकाम्या जागेवर बोट टेकवलं. वरचं त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. माझा कबुलीजबाब तर नाहीच.

"सील गळलं, ते समजलं," तो म्हणाला. "पण दिवा का लागला नाही? बल्ब पडला असेल का कुठे?"

बघा आता. तोंडात तयार उत्तर होतं. धक्क्याने निसटला असेल, पूर्वीही एकदा निसटला होता. तारीखवारसुद्धा सुचली होती.

"पडला नाही. लागला होता," मी बोळक्या तोंडाने म्हटलं. "मी काढला. सील माझं होतं म्हणून."

त्याने माझ्याकडे पाहिलं. एरवी लेव्हल घेऊन येणारा माणूस, पण त्या वेळी त्याच्याकडे मापच नव्हतं. मग तो उठला, दाराशी गेला आणि खालच्या कोपऱ्यात सील दुमडलं होतं तिथे बोट घातलं.

"हे उद्या कोण बसवणार?" मी विचारलं. "म्हणाल तर दुसऱ्या कुणाचं नाव सुचवतो."

"तुम्हीच बसवायचं," तो म्हणाला. "मी शेजारी टॉर्च धरून उभा राहणार. आणि प्रत्येक इंचाला विचारणार."

"विचार," मी म्हटलं, आणि पहिल्यांदा मला त्याचं विचारणं टोचलं नाही.