तीन कांड्यांचं पाप

त्या रविवारी मालेगावच्या मंगल कार्यालयात मुंगी शिरायला जागा नव्हती. मोटरसायकलींची रांग पार वाशीम रोडपर्यंत गेली होती. व्यासपीठावर संजीवननाथ महाराज उभे होते. अंगात भगवी कफनी, वरून डॉक्टरांचा पांढरा कोट, गळ्यात रुद्राक्ष आणि स्टेथोस्कोप शेजारी शेजारी. देवाने हात वर केले तर विज्ञान आहे आणि विज्ञानाने केले तर देव आहे, असा पक्का बंदोबस्त त्यांनी केलेला होता.

त्यांच्यासमोर टेबलावर एक फुगीर पोटाचं, अरुंद गळ्याचं भांडं होतं. झाकण उचललं की त्यातून पांढरा धूर भसाभस वर यायचा आणि टेबलावरून उतरून पहिल्या रांगेतल्या पायांशी पसरायचा. त्याला ना वास होता, ना धग. बाया त्या धुराला हात जोडत होत्या.

"संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर भरता का नाही तुमी?" महाराजांनी विचारलं. बागाईतदारांच्या माना डोलल्या. "खुंट रानटी, फळ मात्र गोड. मी तेच करतो. पाच दिवसांच्या गर्भातली मूळपेशी म्हणजे माणसाचा डोळा. जिथे भरला, तिथे फुटला. मणक्यात भरला, मणका फुटतो. जखमेत भरला, मांस फुटतं."

एवढं बोलून त्यांनी चिमट्याने भांड्यातून एक बारीक प्लॅस्टिकची कांडी काढली. तिच्याभोवती कागदी पट्टी होती आणि पट्टीवर लिहिलं होतं, 'वैजयंती ३'.

पहिल्या रांगेत बसलेल्या वैजयंतीने डोळे मिटून घेतले. शेजारी चाकाच्या खुर्चीत तिचा नवरा विकास होता. महाराजांनी कात्रीने कांडी कापली, चांदीच्या वाटीत एक थेंब टिपला, तो सगळ्यांना दाखवला आणि चंदेरी कागदात गुंडाळलेल्या बाटलीतून सुई भरून विकासच्या कमरेत टोचली. थेंब वाटीतच राहिला, हे हजार माणसांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. वैजयंतीने रिकामी कांडी मागून घेतली आणि पदराच्या गाठीत बांधली. पहिल्या दोन्ही वेळेलाही तिने तेच केलं होतं.

लग्नानंतर आठ वर्षांनी तिला निकिता झाली, ती अकोल्याच्या दवाखान्यात, शरीराबाहेर गर्भ तयार करून. तेव्हा तीन गर्भ उरले. ते तिथेच गोठवून ठेवले होते. दरसाल पत्र यायचं: ठेवायचे, नष्ट करायचे, की संशोधनाला द्यायचे? वैजयंती पत्र वाचायची, रडायची आणि ट्रंकेत लग्नाच्या शालूखाली सारायची. टिंबाएवढेही नसलेले ते तिघे आपले कोण, हे तिला ठरवता येत नव्हतं. त्यात दोन वर्षांपूर्वी वायरमन असलेला विकास आसेगावजवळ खांबावरून पडला आणि कमरेखालचं सगळं गेलं.

महाराज म्हणाले, घरचेच गर्भ असतील तर सोन्याहून पिवळं, अकोल्याहून मी मागवून घेतो, तू फक्त सही कर. बुडत्याला काडीचा आधार. तिने सही केली.

बातमी फुटली आणि गावात दोन तट पडले. शिरपूरचे एक जैन व्यापारी कळवळून म्हणाले की तो जीव आहे, जीवाच्या बदल्यात पाय मागू नये. हायस्कूलचे एक गुरुजी म्हणाले की पाच दिवसांच्या गर्भात शे-दीडशे पेशी असतात, ना मेंदू, ना हृदय. आणि जो कधी वाढवलाच जाणार नाही, त्याच्यापासून कुणाचं दुखणं हटणार असेल तर पाप कसलं? दोघंही प्रामाणिक होते, आणि ज्या प्रश्नावर जगभरची शहाणी माणसं अडतात त्याच्यावरच अडले होते. पण गर्भ आले का, आणि टोचल्याने असं काही होतं का, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी! महाराजांना हेच हवं होतं. चमत्काराच्या पापपुण्यावर भांडणारी माणसं चमत्कार आधीच मान्य करून बसलेली असतात.

वैजयंतीने मात्र पाप स्वतःच्या पदरात घेतलं. आपल्याकडे तान्हं लेकरू गेलं तर जाळत नाहीत, मातीत ठेवतात. तिनेही तेच केलं. तिन्ही कांड्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळून तिने बांधावरच्या संत्र्याखाली पुरल्या, वर दूध शिंपडलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. निकिताला जवळ घेताना तिचे हात आखडायला लागले. हिची तीन भावंडं आपण सुईत भरली, असं तिला वाटायचं.

पण सुईने गुण दिसला होता. विकासला भूक लागायला लागली, चेहरा भरला, अंगात तरतरी आली. पाय तसेच होते, पण महाराज म्हणाले, डोळा फुटायला वेळ लागतो. त्यांनी वैजयंतीला व्यासपीठावर उभं केलं आणि वीरमाता म्हणून ओवाळलं. तेवढा मान मिळाल्यावर तिला जरा हलकं वाटलं. तिची चुलतसासू मनकर्णाबाई साखरेची रोगी होती आणि तिच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती. त्याच कांड्यांतला उरलेला अंश तिलाही चालेल, असं महाराज म्हणाले आणि तिला वैजयंतीनेच हाताला धरून नेलं.

"तुह्या लेकराचा अंश माह्या पायात घालू काय व?" म्हातारी दारातच थबकली होती. "मले भेव वाटते."

"घ्या काकू," वैजयंती म्हणाली होती. "कोनाच्या तरी कामी येऊ द्या. मले तेवढंच बरं वाटीन."

स्वतःचं पाप हलकं व्हावं म्हणून दिलेला तो सल्ला होता, हे तिला फार उशिरा कळलं.

तिसऱ्या सुईनंतर पंधरा दिवसांनी म्हैस माजावर आली. सासरे जानराव यांनी गफ्फारला बोलावलं. गफ्फार गावोगाव मोटरसायकलवर फिरून गोठवलेल्या वीर्याने गाई-म्हशी भरवायचा. दहा वर्षांचं येणं-जाणं होतं. एरवी वैजयंती त्या वेळी गोठ्यात थांबत नसे. त्या दिवशी जानराव बाहेर गेलेले, म्हैस धरायला दुसरं कुणी नव्हतं.

गफ्फारने मागच्या सीटवरून आपलं भांडं उतरवलं आणि झाकण उचललं. पांढरा धूर भसाभस वर आला आणि शेणाच्या पाटीवरून वैजयंतीच्या पायांशी पसरला.

ती दोन पावलं मागे सरली. गफ्फारने चिमट्याने एक बारीक कांडी काढली, कोमट पाण्यात धरली, कात्रीने टोक कापलं. काम झाल्यावर रिकामी कांडी त्याने उकिरड्याकडे भिरकावली. वैजयंतीने ती उचलली. तीच लांबी, तीच जाडी, टोकाला तसाच कापसाचा बारीक गट्टू.

"गफ्फारभाऊ, ह्या धुरात काय हाय?"

"काहीच नाही, वहिनी. पातळ केलेला नायट्रोजन हाय, आपल्या हवेतलाच. लय थंडा राह्यते, म्हनून हवेतल्या पान्याचा धूर दिसते." तो हात धूत होता. "काहून?"

"अन् कांडीवर हे काय लिहेल हाय?"

"रेड्याचा नंबर, जात, तारीख. हरेक कांडीवर छापेल राह्यते. नाहीतर कोनचा रेडा कोनाले देला, कसं समजीन?"

वैजयंती खुरपं घेऊन बांधाकडे निघाली. काय झालं ते न कळून गफ्फार मागोमाग गेला. संत्र्याखाली बसून तिने माती उकरली. पुरलेलं लेकरू उकरणारी आई आपणच, असं तिच्या मनात आलं आणि ती एकदा थांबलीही. मग फडकं हाती लागलं. 'वैजयंती १' लिहिलेली कागदी पट्टी ओलीने सुटली होती. तिने ती नखाने सोलली आणि कांडी गफ्फारपुढे धरली.

गफ्फारने ती उन्हात फिरवून पाहिली.

"वहिनी, हा मुर्रा जातीचा रेडा हाय," तो म्हणाला. "अन् ह्याची तारीख पाहा. निकिता झाली त्याच्याही आंधीची."

तिने तिथूनच अकोल्याला फोन लावला. दवाखान्यातल्या बाईंनी नोंदी पाहून सांगितलं की तिन्ही गर्भ जागेवर आहेत, मागायला कुणी आलंच नव्हतं, आणि असे कुणाच्या हाती ते कायद्याने देताही येत नाहीत. वैजयंती मातीत बसली आणि हसायला लागली. तीन महिने उरावर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला केला होता. ती रेड्याला दूध शिंपडत होती! हसता हसता तिला काकूची आठवण झाली आणि हसू तिथेच थांबलं.

मनकर्णाबाई चार दिवसांपासून वाशीमच्या दवाखान्यात होती. साखर पाचशेच्या वर, पाय काळा पडलेला. वैजयंती विकासला घेऊन तिथे गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कांड्या पाहिल्या, विकासचा फुगलेला चेहरा पाहिला आणि ठाण्यात फोन केला.

पुढच्या रविवारी महाराजांचा धूर नेहमीसारखाच निघाला. तेवढ्यात गफ्फारने आपलं भांडं व्यासपीठाच्या दुसऱ्या टोकाला ठेवून उघडलं. दोन्ही धूर मधोमध एकमेकांत मिसळले आणि कुठला पवित्र, कुठला गोठ्यातला, हे कुणालाच सांगता येईना. वैजयंतीने पुरलेली कांडी कशी उकरली ते सांगून तिच्यावरचा नंबर माईकवर वाचून दाखवला. महाराज डगमगले नाहीत. या बाईने गर्भ मातीत पुरला म्हणून तो पशुयोनीत गेला, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. मग पोलिसांनी चंदेरी कागद सोलला आणि डॉक्टरीणबाईंनी बाटलीवरचं नाव वाचलं. ते साधं स्टिरॉइड होतं. त्याने चार दिवस भूक लागते, तरतरी येते, चेहरा भरतो. आणि साखरेच्या रोग्याची साखर भडकते, जखम सडते. बाई म्हणाल्या की रक्ताच्या काही आजारांत मूळपेशी खरोखर कामी येतात, पण तुटलेल्या मणक्यावर अजून चाचण्याच चालू आहेत, आणि चाचणी मंगल कार्यालयात होत नसते. महाराज जीपमध्ये बसले तेव्हा कोट अंगात होता, कफनीचं टोक मात्र दारात अडकलं होतं.

मनकर्णाबाईचं पाऊल घोट्यापासून कापावं लागलं.

वैजयंती रोज तिच्या उशाशी बसते. न केलेल्या पापासाठी आपण तीन महिने रडलो आणि केलेलं पाप चालत्या पायाने महाराजांकडे गेलं तेव्हा आपणच त्याचा हात धरला होता, हे तिला आता झोपू देत नाही. तिने एकदा काकूचे हात धरून सगळं कबूल केलं.

"तू मले फसवलं नाही," म्हातारी म्हणाली. "पन तू इचारलं बी नाही. अन् मी बी नाही इचारलं. आता माह्यासाठी रडू नको. जिथं लोक जमतीन, तिथं माहा पाय दाखोव."

म्हणून ग्रामसभेत वैजयंती उठली. यंदाचं अकोल्याचं पत्र तिच्या हातात होतं, आणि आपण अजून काहीच ठरवलं नाही, हे तिने आधी सांगितलं.

"हे ठरवनं कठीण हाय. शिरपूरच्या काकाजीचंही आयकीन, गुरुजीचंही आयकीन, मंग मी अन् हे मिळून ठरवू. पन एक सांगतो. पाप का पुन्य, हे आपुन मंग भांडू. आंधी भांड्याचं झाकन काढून आत काय हाय, थे पाहा. मी पाह्यलं नाही. त्याचा दंड मनकर्णाकाकूनं भरला."

ती खाली बसली. मागे चाकाच्या खुर्चीवर मनकर्णाबाई होती. तिने लुगड्याचा काठ वर केला, आणि सभेला पाहू दिलं.