चिखलासाठी सोडलेली हवा

गारगोटीच्या वर, डोंगराच्या पोटात आमची वाडी. पावसाळ्याचे चार महिने तिथं एस.टी. येत नव्हती, अँब्युलन्स येत नव्हती आणि निवडणूक नसली तर पुढारीही येत नव्हता. यायची ती एकच गाडी, कृष्णातची. मिलिटरीच्या लिलावातली जुनी जीप, पण चारही चाकांनी ओढणारी. तिला आम्ही ‘फोरव्हील’ म्हणायचो, जणू बाकीच्यांच्या गाड्या तीन चाकांवर चालतात.

किस्नाची, म्हणजे कृष्णातची, एक रीत होती. शेवटच्या चढाच्या पायथ्याला तो खाली उतरायचा आणि चारही टायरमधली निम्मी हवा सोडून द्यायचा. हवा कमी झाली की टायर पसरतो, चिखलाला धरून राहतो आणि गाडी वर चढते. परत येताना गारगोटीपर्यंत बैलगाडीच्या चालीनं यायचं, तिथं गुंडूच्या पंक्चरच्या दुकानात हवा भरून घ्यायची आणि मगच गाडी पळवायची. कमी हवेवर गाडी पळवली तर टायर आतल्या आत तापतो आणि फुटतो, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. किस्ना हवा भरत असला की आजारी माणसंसुद्धा कुरकुर न करता बसून राहायची.

धोंडीराम आमचा शेजारी. त्याची भिंत आणि आमची भिंत एकच. गावच्या पाण्याच्या टाकीवर कामाला होता. इतका मऊ माणूस की नळाला पाणी आलं नाही म्हणून बायका अंगावर आल्या तर हाच त्यांची माफी मागायचा, पाऊस पडला नाही हा जणू त्याचाच गुन्हा. त्याची एकुलती एक मुलगी निशा. आमच्या बौद्धवाड्यातली शिकून मास्तरीण झालेली पहिली पोरगी. कागलला दिली होती. नवरा पृथ्वीराज तिथल्याच कारखान्यात फिटर. पहिल्या बाळंतपणाला तिला माहेरी आणायचं ठरलं तेव्हा पृथ्वीराज म्हणाला होता, “मामा, पावसाचं दिवस हायत. इथंच राहू दे की. दवाखाना जवळ हाय.” तर धोंडीराम हसून म्हणाला, “आमच्याकडं किस्नाची गाडी हाय की. काळजी कशाला करतासा?”

दोन हजार चारचा आषाढ. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. निशाला पहाटे कळा सुरू झाल्या आणि उजाडल्यावर सुईणीनं हात टेकले. किस्ना निरोप मिळताच आला, चिखलातून गाडी वर काढली, मागं गादी टाकून निशाला निजवलं. तिचं डोकं मांडीवर घेऊन तिची आई बायडाबाई बसली, धोंडीराम पुढं. गारगोटीत डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, मूल आडवं आलंय, ऑपरेशनशिवाय सुटका नाही, कोल्हापूरला न्या, वेळ घालवू नका. सरकारी गाडी आधीच दुसऱ्या कुणाला घेऊन गेली होती. कोल्हापूरच्या नेहमीच्या रस्त्याला पुलावर पाणी आलेलं, त्यामुळं वडापवाल्यांनी, शिटा भरून गाडी मारणाऱ्यांनी, आपापल्या जीपा घराकडं नेऊन लावल्या होत्या. मुरगूड, कागलवरून हायवेला लागायचं एवढी एकच वाट उरली होती, आणि एकच गाडी.

डॉक्टरांनी पृथ्वीराजला फोन करून थेट कोल्हापूरच्या दवाखान्यात यायला सांगितलं. किस्नानं गाडी गुंडूच्या दुकानापुढं घेतली.

“लाइट न्हाय,” गुंडू म्हणाला. “कालपासनं गेलीया. कॉम्प्रेसर बंद. हातपंपानं भरतो, पर चारी चाकं म्हंजे अर्धा-पाऊण तास तरी जाईल बघ.”

“भर,” किस्ना म्हणाला. “तात्या, वाईच दम धरा. झालंच.”

इंजिन चालूच होतं. ताडपत्रीवर पाऊस नुसता बडवत होता. धोंडीराम खाली उतरला. गुंडूनं पंपाची नळी टायरला लावली होती, ती त्यानं ओढून काढली आणि चिखलात फेकली.

“हवा कसली भरतासा रं? माझी पोरगी मराय लागलीया आनि तुमी हवा भरत बसतासा? चल! गाडी काढ!”

या माणसाचा एवढा आवाज कुणी कधी ऐकलाच नव्हता. गुंडू मागं सरकला.

“तात्या, टायर फुटंल,” किस्ना हळूच म्हणाला. “तुमास्नी काय म्हाईत न्हाय व्हय?”

“फुटू दे. फुटंल तवा बघू. चल म्हनतो न्हवं!”

बापापुढं कुणाचं काय चालणार? किस्नानं गाडी काढली. मुरगूडपर्यंत खड्डेच खड्डे होते, पाण्यानं भरलेले. गाडी हळूच चालत होती आणि टायरांनी तक्रार केली नाही. कागल जवळ आलं तसा पाऊस मागं राहिला. तिकडं आभाळ उघडं, रस्ता कोरडा. गावात लाइटही होती. रस्त्याच्या कडेला टायरच्या दुकानात कॉम्प्रेसर धडधडत होता. किस्नानं वेग कमी केला आणि शेजारी बघितलं. मागून निशा कण्हली. धोंडीरामनं फक्त समोर हायवेकडं बोट केलं.

हायवे नुकताच रुंद केलेला, गुळगुळीत. आमच्या डोंगरातल्या दगडधोंड्यांनी जे केलं नाही ते त्या चांगल्या रस्त्यानं केलं. किस्नानं वेग धरला आणि थोड्याच वेळात मागचा टायर फुटला. बार उडाल्यासारखा आवाज झाला, गाडी तिरकी झाली, पण किस्नाचा हात पक्का होता, त्यानं ती कडेला घेतली. स्टेपनी चढवली. चढवताना त्यानं बाकीच्या टायरांना हात लावला आणि चटका बसून मागं घेतला. त्यानंतर त्यानं गाडी अगदी सावकाश चालवली, पण टायर आतून करपायचं ते करपून गेलं होतं. कोल्हापूरच्या कमानी दिसायच्या आधीच पुढचा डावा गेला.

आता दुसरी स्टेपनी कुठली आणायची? गाडी एका चाकावर गुडघा टेकून बसली. किस्ना रस्त्याच्या मधोमध उभा राहून हात करत होता. ट्रकवाले हॉर्न वाजवून बगल देत होते, मोटारवाले काचा वर करत होते. माणसाला माणूस दिसत नाही असा तो रस्ता. धोंडीराम धावत्या गाड्यांपुढं हात जोडत होता. एक कोबी भरलेला टेम्पो शेवटी थांबला. कोबीची पोती रस्त्यावर उतरवून त्यांनी निशाला वर घेतलं. गारगोटीत जेवढा वेळ वाचवला होता त्याच्या कितीतरी पट त्या हायवेवर गेला होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी मान हलवली. बाळ आधीच गेलं होतं. निशा संध्याकाळी गेली.

पृथ्वीराज सुरुवातीला भिंतीला टेकून नुसता उभा होता. मग त्याला किस्ना दिसला आणि त्याचं भान सुटलं. “टायर बदलाय काय झालंतं तुला? बाई घेऊन यायची आनि फुटकी टायरं?” त्यानं किस्नाला दोन ठेवून दिल्या. आजूबाजूची माणसं धावली.

किस्नानं हात वर केला नाही. “जुनीच हुती टायरं,” तो म्हणाला. “चुकलं माझं.”

धोंडीराम चार हात अंतरावर बाकावर बसला होता. त्यानं सगळं ऐकलं. तोंडातून ब्र काढला नाही.

झालं, तेच खरं ठरलं. किस्नाच्या टायरांनी पोरगी खाल्ली, असं वाडी बोलायला लागली. त्याच्याच गाडीतून ज्यांची पोरं खाली जाऊन जन्मली, ज्यांचे बाप वाचले, तेच सगळ्यात मोठ्यानं बोलत होते. मला भयंकर चीड यायची. गुंडूला खरं माहीत होतं, पण त्याला गारगोटीत कोण विचारणार? आणि किस्नानंच त्याला गप्प राहायला सांगितलं होतं. त्याच्या गाडीत कुणी बसेना. दिवाळीच्या आत त्यानं ती विकली. वाडीला आता कुठलीच गाडी उरली नाही आणि वाडीला त्याचं काही वाटलंही नाही.

गाडी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी धोंडीराम किस्नाकडं गेला. किस्ना रिकाम्या छपराखाली बसला होता. धोंडीरामनं त्याचे पाय धरायला हात पुढं केला तसा तो ताडकन उठला.

“तात्या, काय करतासा ह्ये?”

“मी सांगतो सगळ्यास्नी. उद्याच सांगतो. पंपाची नळी मी फेकली म्हनून.”

“सांगू नगासा.”

“का रं? तुझी गाडी गेली, नाव गेलं.”

“माझं काय, गाव आज बोलंल, उद्या इसरंल,” किस्ना म्हणाला. “पर काकीला कळलं तर? तुमास्नी दोघांस्नी त्याच घरात ऱ्हायचं हाय. तिनं तुमच्याकडं कसं बघायचं? माझ्या नावानं रडतीया तर रडू दे की.”

धोंडीरामकडं द्यायला जे एकच होतं, ते खरं बोलणंही किस्नानं घेतलं नाही.

पुढचं मला बायडाबाईनं सांगितलं, खूप दिवसांनी, चुलीकडं तोंड करून. धोंडीराम घरी आला तेव्हा दिवस मावळत होता. तिनं भाकरी वाढली. तो ताटाकडं बघत बसला.

“कुठं गेलतासा?”

“किस्नाकडं.”

“त्येच्याकडं कशाला?”

त्यानं घास उचलला, परत ठेवला. मग एकदम म्हणाला, “बायडे, टायर आपसुक न्हाय फुटलं. गुंडू हवा भरत हुता. म्याच भरू दिली न्हाय.”

बायडाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली.

“ऐकलंतं मी,” ती म्हणाली.

“पावसात?”

“ताडपत्रीच हुती की मधी. भित हुती व्हय?”

धोंडीरामनं तिच्याकडं बघितलं. इतके महिने ती रोज त्याला वाढत होती, त्याचं अंथरूण घालत होती, किस्नाच्या नावानं बोटं मोडणाऱ्या बायकांत मुकाट बसत होती.

“मग मला का बोलली न्हाईस? शिव्या का दिल्या न्हाईस?”

“कुठल्या तोंडानं देऊ?” बायडाबाई म्हणाली. “निशानं बी ऐकलं. माझा हात धरून म्हनाली, आई, किस्नादादाला हवा भरू दे, बाबास्नी सांग थांबाय. मी म्हनलं, तू गप पड. त्यास्नी समदं कळतंय.”

चुलीतलं लाकूड तिनं पुढं सारलं.

“त्येच्यामागनं ती काय बोललीच न्हाय.”